डाव्या खांद्याची शिवण

मावशींच्या हातून चिंधीसुद्धा वाया जायची नाही. लोकांनी टाकायला काढलेले कपडे त्या आणायच्या, धागा न् धागा उसवून कापड सुटं करायच्या आणि त्यातून असं काही नवं शिवायच्या, की मूळ मालकानेही ओळखू नये. उसवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम. तीस वर्षांत माप एकदाही चुकलेलं नाही, हा त्यांचा तोरा. आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

एका मोठ्या दुकानाची मालकीण परवा त्यांचं काम बघायला येणार होती. पसंत पडलं तर मावशींचे कपडे थेट तिच्या दुकानाच्या काचेत लागणार! लेकच घालून दाखवणार म्हणून मावशींनी तिच्यासाठी कोट करायला घेतला. गाठोड्यात एक पुरुषी लोकरी कोट निघाला होता, कुणाचा कोण जाणे. तो उसवता उसवता त्या डाव्या खांद्याशी थबकल्या. हातशिवण होती, मुंगीच्या पावलांएवढे टाके.

"अगं बाई! हा कोण माझ्या तोडीचा?"

ती शिवण उसवायला काही त्यांचा हात धजेना. बाकी सगळा कोट सुटा केला, डावी बाही तेवढी खांद्याला तशीच ठेवली. लेकीच्या मापाने दोन्ही बाह्या बरोबर बावीस इंच केल्या. लेकीने घालून बघितला, तर डावी मनगटाच्या इंचभर वर. टेप लावली. एकवीस.

"आई, म्हातारी झालीस गं," लेक हसली.

"तोंड सांभाळ! माझं माप चुकत नसतं."

आतली दुमड सोडून त्यांनी बाही पुन्हा बावीस केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजली, तर एकवीस. लोकर आटते, कबूल. पण पाण्यात न घालता? आणि एकच बाही? शिवाय तेवढी ती बाही आतून कोमट लागत होती, कुणी नुकताच हात काढून घेतल्यासारखी.

दुमडीत आता कापड उरलं नव्हतं. शिवण उसवून नवी बाही लावायची, एवढाच उपाय. मावशींनी ब्लेड उचललं आणि परत ठेवलं. असलं काम मोडायचं कसं?

सकाळी मालकीण आली. लेकीने कोट चढवला. मावशींनी खांदे नीट बसवले.

डावी बाही मनगटावर बरोब्बर टेकली.

"हा जुन्या कोटातून केलाय?" मालकीण लेकीभोवती फिरून बघत राहिली. "काय सुरेख बसलाय अंगावर! मला असे पन्नास हवेत."

मावशींचा ऊर भरून आला. "म्हटलं नव्हतं?" त्या लेकीला म्हणाल्या.

मालकीण गेल्यावर त्यांनी कौतुकाने बाहीला टेप लावली.

एकवीस.

पुन्हा लावली. एकवीसच.

लेक आपला रोजचा स्वेटर चढवत होती. उजवी बाही मनगटाशी थांबली. डावी इंचभर पुढे, तळहातावर उतरली.

"आई," ती सहज म्हणाली, "ही बाही लांबलीय बघ. जरा दुमडून देतेस?"