गोळ्या देणारी

मोठ्या सिस्टरांचा वॉर्डात एक नियम होता. पेशंट घरी सोडला की दोन दिवसांनी आपण स्वतः फोन करायचा. नव्या डॉक्टरांना ही नसती उठाठेव वाटे. पण औषधांचा घोळ होऊन आठवड्यात परत आलेली माणसं सिस्टरांनी कमी पाहिली नव्हती.

त्या दुपारी डबा उघडण्याआधी त्यांनी हृदयविकाराच्या आजोबांना फोन लावला. आजोबांना दिसायचं कमी. सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली, ते त्यांना कळत नसे. घरी सोडताना फॉर्मवर 'गोळ्या कोण देणार?' असा रकाना असतो. "बायको देईल की," आजोबा म्हणाले होते. बेडसाठी बाहेर माणसं ताटकळत होती, म्हणून सिस्टरांनी तसंच लिहून टाकलं.

फोन एका बाईने उचलला. "मी त्यांची बायको. गोळ्या वेळेवर दिल्यात. पायांची सूजही उतरलीय... हळू बोला, झोपलेत."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

तासाभराने आजोबांच्या मुलीचा परगावाहून फोन आला. "अहो, बाबांना एकटं कसं सोडलंत? आई जाऊन तीन वर्षं झाली! मला रविवारशिवाय येता येणार नाही."

 फोनवर शेजारीण असेल, अशी सिस्टरांनी मनाची समजूत घातली. पण चूक आपलीच होती. त्यांनी 'बायको'वर आडवी रेघ मारली आणि खाली 'मुलगी, रविवारपासून' असं लिहिलं. घरोघरी जाणाऱ्या नर्सला कळवलं. तिला उद्या दुपारीच जमणार होतं.

सकाळी कामावर येताच सिस्टरांनी पुन्हा फोन लावला. आजोबांना धाप लागली होती.

"रात्रीपासून गोळी नाही, सिस्टर... ती देत नाही."

"कोण, आजोबा?"

"दारात उभी आहे. म्हणते, मला खोडलंय... आत येता येत नाही."

 आजोबांची ती धाप सिस्टरांना ऐकवेना. त्यांनी फॉर्म ओढला आणि रेघेच्या शेजारी पुन्हा लिहिलं, 'बायको'.

पलीकडे पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. "घ्या, तोंड उघडा," बाई म्हणाली. आजोबांनी घोट घेतला. हळूहळू त्यांचा श्वास शांत झाला.

मग फोनच्या अगदी जवळून तोच दबका आवाज आला.

"सिस्टर... खाली पोरीचं लिहिलंय ना, तेवढं खोडा."