केरीहून येणारी ओ

वळवाच्या विजेनं खाडीपलीकडच्या केरीच्या टॉवरमधला राउटर जळाला. तो पिशवीत घालून मी फेरीबोटीनं तेरेखोलला आले. काम साधंच होतं. तिथल्या आरोग्यकेंद्राचे फोन केरीऐवजी रेडीच्या वाटेनं वळले की नाही, एवढं पाहायचं.

खरं तर ते आपोआप वळायला हवेत. दोन टोकांचे राउटर एकमेकांना सारखी हाक मारत असतात. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की समोरचा मेला असं धरायचं आणि दुसरी वाट घ्यायची. पापणी लवायच्या आत हे होतं.

आत नर्स गंगा रिसीव्हर घेऊन उभी होती. मागे खाटेवर बाळंतपणात अडलेली देवकी कण्हत होती. ओहोटीमुळे फेरीबोट आता थांबलेली, आणि मोबाइलला रेंज नाही.

"जानकीबाय, अँब्युलन्साक फोन करतां. कोण तरी उखलता, पूण उलयना... फकत श्वास आयकूं येता."

मी स्क्रीन पाहिला. केरीहून ओ येत होती. एकही हाक वाया जात नव्हती, म्हणून सगळे फोन तिकडेच चालले होते. आणि केरीचा राउटर तर माझ्या पिशवीत, त्याचा करपट वास खोलीभर पसरलेला! माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग जास्त आला.

"हात लावं नाका," गंगा कुजबुजली. "ती ओ कोणाची... आदीं देवाक गाराणें घालूंया."

"गाऱ्हाणं मागाहून! इथं बाई मरेल. मेल्यानं मेल्यासारखं गप्प पडावं!"

मी केरीची वाट हातानं बंद केली, वर वायरही उपटली. फोन रेडीकडून लागला.

तिन्हीसांजेला गाडी आली. स्ट्रेचर उचलता उचलता ड्रायव्हर रामचंद्र माझा आवाज ऐकून माझ्याकडे टक लावून पाहू लागला.

"वाटेत मोबाइलवर फोन इलो. सगळा बरा आसा, परत जावा म्हणान. आवाज तुमचोच, बाय... आणि मागे पोर रडत होता."

"मग आलात कसे?"

"पोर लय रडत होता. म्हटला, बघून तरी येऊया."

देवकीची सुटका अजून व्हायची होती. आम्ही तिला गाडीत चढवलं, तेवढ्यात खाडीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं, अगदी स्पष्ट. गंगानं कान झाकले.

देवकीनं दातओठ खाऊन मान वर केली.

"तें म्हजें न्हय," ती म्हणाली. "चलया!"

मी दार ओढून घेतलं.