कोठीतल्या थापा

आगबोट रंगून सोडून चितगावकडे निघाली होती. वर उतारू भात खात बसले होते, खाली भट्टीपुढे आगवाला तोराब फावडं मारत होता. लोखंडी भिंतीपलीकडच्या कोठीतून त्याचा मेहुणा मोताहर कोळसा लोटायचा. आगवाल्यानं भिंतीवर एकदा फावडं आपटलं की कोळसा हवा. आतून दोन थापा आल्या की आलाच. पण मोताहर भाऊजींना चिडवायला उगाच भिंत ढोलासारखी बडवायचा.

त्या दुपारी बडवणं सुरू झालं ते थांबेचना.

"साल्याला काम नको, ढोल हवा!" तोराब ओरडला. "बडव! बहिणीच्या लग्नात हात मोडले होते का?"

सगळे आगवाले खो खो हसले. आवाज हळू झाला... मग थांबला.

पाळी बदलताना कोसळलेल्या ढिगाखालून मोताहरला ओढून काढलं. फावडं मुठीतच होतं.

"कुणाला आवाज आला होता का रे?" खलाशांच्या मुकादमानं, सारंगानं विचारलं.

हसलेले सगळे तोराबकडे बघू लागले.

"नाही, सारंगसाहेब," तो म्हणाला. मग बाकीचेही 'नाही'च म्हणाले.

नमाज पढून प्रेत समुद्रात सोडलं.

घरी पोचल्यावर तोराबनं मेहुण्याची वळकटी बायकोपुढे, जोबेदापुढे ठेवली. ती रडून रडून थकली. मग सवयीनं उठून तिनं नवऱ्याला भात वाढला.

"त्यानं हाक मारली होती का हो?"

"नाही. आवाजच नाही आला." तोराबनं मान वर केली नाही.

तिनं चुलीतला निखारा मागे ओढला. मग म्हणाली, "तुम्ही कोळसा कुणाबरोबर पाठवत होतात?"

"कोळसा?"

"रोज कुडाबाहेर ढीग पडलेला असतो. मला वाटलं, बंदरातून तुम्हीच... हा भात त्यावरच शिजवलाय."

घास त्याच्या तोंडात फिरू लागला. त्याला भट्टीची चव होती.

तेवढ्यात कूड वाजला. बांबूचा कूड, पण आवाज लोखंडावर फावडं आपटल्याचा. भराभर, ढोलासारखा.

"हाच तो! रोज येतो," जोबेदा कुजबुजली. "मी 'कोण' म्हणून विचारते, तर थांबतो. तुम्ही विचारा ना. कोण आहे हो?"

त्याला उठून कुडावर एक थाप द्यायची होती. निदान मोताहरचं नाव तरी घ्यायचं होतं. तोराबनं ताट जवळ ओढलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

थापा हळू झाल्या... थांबल्या. मग कूड करकरत आतल्या बाजूला फुगू लागला, आणि बांबूच्या फटींतून काळी भुकटी त्याच्या ताटातल्या भातावर झरू लागली.