चौदा गावांचे फोन

"म्हणे पळाली! आणि हा फोटो बघ तिचा!" चष्मीने भिंग लंबूच्या नाकाखाली धरलं.

वाचनालयाच्या टेबलावर पासष्ट वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं पसरली होती. सुट्टी लागल्या लागल्या ग्रंथपालबाईंनी या पोरांना कामाला जुंपलं होतं. राज्य नवं नवं होतं, त्या काळातल्या कर्तबगार बायकांचं प्रदर्शन भरवायचं होतं. पहिली डॉक्टर, पहिली आमदार, पहिली वैमानिक अशी वीसजणींची यादी. चष्मीच्या वाट्याला आली राज्यातली पहिली टेलिफोन ऑपरेटर. तिच्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, 'वगळावे. महापुरात दुपारी जागा सोडून पळाली. गावांना इशारा मिळाला नाही. बडतर्फ.'

"कुठाय फोटो?" लंबूची धाकटी बहीण खारूताई टेबलावरच चढली.

"ही होडी. खाली वाच. 'टेलिफोन कचेरीच्या छपरावरून संध्याकाळी सुटका.' आणि होडीत ही बसलीये! दुपारीच पळाली, तर संध्याकाळी तिथल्याच छपरावर कशी?"

"डबा विसरली असेल. न्यायला परत आली," लंबू म्हणाला.

"एवढ्या पुरात?"

"मी तरी गेलो असतो!"

ग्रंथपालबाई हसल्या, पण फोटो पाहून त्यांनी भिंग स्वतःच्या हातात घेतलं. "त्या काळी ऑपरेटर प्रत्येक फोन वेळेसकट वहीत लिहायच्या. ती वही मिळाली तर खरं-खोटं कळेल. जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत विचारा."

तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "सोमवारी या."

सोमवारी म्हणाले, "गुरुवारी या."

गुरुवारी म्हणाले, "ती वही नाहीच. वाळवीने खाल्ली."

चष्मीचा चेहरा पडला. इतक्यात खारूताईची पेन्सिल घरंगळली आणि ती टेबलाखाली शिरली. बाहेर आली ती हसू दाबत, गाल फुगवून.

"साहेब, तुमचं टेबल डुगडुगतं का हो?"

"आता नाही. पायाखाली टेकू दिलाय."

"टेकू वाकडा बसलाय. आम्ही वीट लावून देऊ? पक्की बसेल!"

"द्या, द्या! रोज डोकं खाण्यापेक्षा काहीतरी कामाचं करा!"

लंबूने अंगणातली वीट आणली, मग टेबल उचलून धरलं. खारूताईने वीट सरकवली, चष्मीने टेकू ओढून काढला. धुळीने माखलेली जाडजूड वही! पुठ्ठ्यावर तेच साल, तोच महिना!

"साहेब," खारूताई गोड आवाजात म्हणाली, "वाळवीचं पोट बिघडलं होतं वाटतं!"

साहेबांना तोंड लपवायला जागा उरली नाही. ग्रंथपालबाईंच्या नावाने पत्र लिहून त्यांनी वही मुकाट्याने दिली.

वाचनालयात चष्मीने पान उघडलं. अक्षर आधी वळणदार होतं. अकरा चाळीस, नदीच्या वरच्या अंगाचं पहिलं गाव, 'निरोप दिला.' अकरा पंचेचाळीस, दुसरं गाव, 'निरोप दिला.' मग अक्षर तिरकं होत गेलं. 'पाणी पायरीला.' 'पाणी खुर्चीला.' चौदा गावं! पंधराव्या गावापुढे नऊ वेळा एकच शेरा, 'उत्तर नाही.' शेवटच्या ओळीची शाई फुटलेली होती, 'लाइन गेली. वही घेऊन वर जाते.'

"त्या पंधराव्या गावातली माणसं वाहून गेली होती," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. "सगळा दोष हिच्यावर आला."

"पण हिने तर..." चष्मीने त्या नऊ शेऱ्यांवरून बोट फिरवलं.

बाईंनी दहा ठिकाणी फोन करून पत्ता मिळवला. ऑपरेटरबाई शेजारच्याच शहरात, भाचीकडे राहत होत्या. शनिवारी सकाळच्या पहिल्या बसने सगळे निघाले. चष्मीने त्या पानाची प्रत मांडीवर जपून धरली होती. काय बोलायचं, ते ती वाटभर पाठ करत होती.

दार पिकल्या केसांच्या भाचीने उघडलं. चष्मीने एका दमात सगळं सांगून टाकलं. भाची चौकटीला धरून खालीच बसली.

"मावशी बुधवारी गेली गं," ती म्हणाली.

चष्मीने मनातल्या मनात दिवस मोजले. सोमवारी या. गुरुवारी या. सोमवारीच वही मिळाली असती तर मंगळवारी ती इथे असती!

"शेवटी शेवटी तिला माझंसुद्धा नाव आठवेना," भाची सांगत होती. "पण ती गावं ओळीने म्हणायची. पंधराव्यापाशी थांबायची आणि मला विचारायची, 'उचलला का गं त्यांनी?' मी म्हणायचे, 'उचलला, मावशी.' मग झोपायची."

परतीच्या बसमध्ये खारूताई खिडकीला डोकं टेकून बसली. लंबूने डबा उघडलाच नाही.

प्रदर्शनात ऑपरेटरबाईंचा फोटो लागला. शेजारी काचेखाली ती वही. कचेरीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडून भाचीची माफी मागितली. पाहुण्यांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास! काय हुशार पोरं!" टाळ्या पडल्या. चष्मीला मात्र ती शाबासकी नकोशी झाली होती.

गर्दी पांगली, तरी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून वहीपाशीच उभे होते. त्यांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे आमचं गाव. मी तेव्हा नऊ वर्षांचा. पोस्टमास्तर ओरडत आले, 'फोन आलाय, टेकडीवर पळा!' आम्ही सगळे वाचलो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" चष्मीचा आवाज चिरकला. "मग आजोबा, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत कुणाला?"

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. "फोन कुणी केला, ते आम्ही विचारलं नाही. आणि आम्हाला फोन आला होता का, ते कुणी विचारलं नाही. तूच पहिली, पोरी."

भाची पुढे आली. त्यांनी तिच्यापुढे मान झुकवली. तिनेच त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

चष्मीने चष्मा काढून पुसला. मग एक कोरा कागद वहीशेजारी टाचून त्यावर आजोबांचं नाव, गाव आणि वेळ लिहिली, आणि खाली सुवाच्य अक्षरांत दोनच शब्द, 'निरोप मिळाला.'