कोनाड्यातली डबी

"सोमवारी धुळाप्पामामाला काढणार आहेत," शिवकन्या खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "वीस वर्षं आमच्या गोठ्यात राबलेला माणूस, निवेदिता. आज शनिवार आहे."

निवेदिता विमा कंपन्यांसाठी मेलेल्या जनावरांचे दावे तपासायची. असली खाजगी गुप्तहेर धाराशिवात दुसरी नव्हती. आणि तिचा मावसभाऊ मुकुल याच्यासारखा सहायकही दुसरा नव्हता. दुसऱ्या कुणी आपल्याला ठेवलंच नसतं, हे मुकुल स्वतःच कबूल करायचा.

मुरुमजवळ शिवकन्येच्या सासरी बारा गाई होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात निळी डबी. गाय किती रवंथ करते ते डबी मोजायची, गोठ्यातल्या यंत्राला कळवायची आणि शिवकन्येच्या नवऱ्याला, उत्कर्षला, ते मोबाइलवर दिसायचं. तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली चांदणी परवा मटकन बसली.

"डॉक्टर म्हणाले, कीटोसिस. दूध भरपूर, खाणं कमी, मग गाय अंगातली चरबी जाळत बसते. आठ-दहा दिवसांचं दुखणं आहे म्हणे. पण मोबाइलवर तर ती ठणठणीत! म्हणून हे म्हणतात, धुळाप्पानंच काहीतरी खायला घातलं."

दुपारी तिघं गोठ्यावर पोचली. उत्कर्षनं मोबाइल पुढं केला.

"बघा. रोज आठ तास रवंथ. आजारी गाय करेल?"

"हे मधेमधे कोरं काय आहे?" निवेदितानं विचारलं.

"सकाळी सात ते दहा रेंज जाते."

"आणि हा अख्खा दिवस?"

"येळवशीचा. वेळ अमावस्येला आम्ही घरचे जीपनं शेतात जेवायला गेलो होतो. इकडं लाइट गेली असेल."

"बाकी अकरा गाईंचं कोरं नाही."

"चांदणी कोपऱ्यात असते," उत्कर्ष वैतागला. "आणखी ऐका. एक बंद पडलेली डबी कंपनीला परत द्यायला कोनाड्यात ठेवली होती. तीही गायब. विचारा त्याला!"

धुळाप्पा चांदणीच्या अंगावरून हात फिरवत बसला होता.

"धा रोज झालं, दुधाला पिकल्या केळावानी वास येतोय. रवंथ न्हाय, पेंड हुंगून सोडती. मालकाला म्हणलो, हुंगून तर बघा. त्यांनी मोबाइल दाखिवला."

"येळवशीला तुम्ही कुठं होता?"

"हितंच. गाईंस्नी कोण बघणार? सूनबाईनं आंबील हितं आणून दिली."

"चांदणी बाहेर गेली होती?"

"ती दावणीला. कुठं जाती?"

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला उत्कर्षचे वडील बलभीम बैलाला घासत होते. बैलाच्या गळ्यात लोकरीची जाड माळ होती.

"एकच बैल, काका?"

"एकच ऱ्हायला. रोज न्याहारीच्या आधी छकड्यानं वैरण आणतो आमी दोघं. पोरगं म्हणतंय, म्हातारा झालाय, खात न्हाय, इकून टाका."

"येळवशीला तुम्हीही जीपनंच गेलात?"

"जीपमधी बसून येळवस व्हती व्हय? आमी दोघं छकड्यानं," म्हातारा हसला, पण नजर चुकवून.

मुकुलला मात्र सगळं उलगडलं होतं. "ताई, धुळाप्पानं डबी विकली आणि बोभाटा होऊ नये म्हणून..."

"बंद डबी कोण घेईल रे, शहाण्या? बोलाव सगळ्यांना."

सगळे जमले. निवेदिता सरळ मुद्द्यावर आली.

"धुळाप्पांचं खरं आहे आणि मोबाइलचंही खरं आहे. मोबाइलनं मोजलेलं जनावर ठणठणीतच आहे. फक्त ती चांदणी नव्हे."

"म्हणजे?" उत्कर्ष म्हणाला.

"डबी गोठ्यात असेल तोवरच यंत्राला कळते. ही डबी रोज सकाळी तीन तास बाहेर जायची. येळवशीला दिवसभर बाहेर होती. चांदणी तर दावणीला. मग न्याहारीआधी रोज बाहेर जातं कोण? जीप सोडून छकड्यानं येळवशीला गेलं कोण? चांदणीच्या गळ्यात आहे ती कोनाड्यातली बंद डबी. पट्टा रिकामा दिसू नये म्हणून घातलेली."

तिनं बैलाच्या लोकरी माळेखाली हात घातला. निळी डबी बाहेर आली.

बलभीम पुढं आले. "तो पोटभर खातो, रवंथ करतो, हे पोराला त्याच्याच मोबाइलवर दाखवायचं व्हतं. पंधरा दिस भरले की सांगणार व्हतो. तवर गाय बसली. मग तोंड उघडायची लाज वाटली." त्यांनी धुळाप्पाकडं पाहिलं. "चुकलो, धुळाप्पा."

"गाय बसली त्याचं न्हाय, आण्णा," धुळाप्पा म्हणाला. "माझ्यावर आळ आला तवा तुमी गप बसलात. त्याचं लई वाईट वाटलं."

धुळाप्पानं डोळे पुसले, चांदणीला औषध पाजलं, चार धारा काढल्या आणि चरवी उत्कर्षच्या नाकापुढं धरली.

"आता तरी हुंगा, मालक."

उत्कर्षनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मोबाइल खिशात टाकला.

"येतोय वास," तो म्हणाला. "मामा, सोमवारचं मी बोललोच नाही, असं समजा."

"सोमवारी म्या हितंच हाय," धुळाप्पा म्हणाला. "हिला अशी टाकून जातोय व्हय?"