कोपरा येईपर्यंत

“काय हो वायरमन, तुमचा तो टेस्टर माणसाला लावला तर पेटतो का?”

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं! आणि विचारल्याबरोबर रंगकामाच्या लाकडी घोड्यावर उभ्या असलेल्या तिचे कान असे तापले, की जवळ ओला ब्रश धरला असता तर वाळून कडक झाला असता.

हे विचारून दाखव म्हणून पैज लावणाऱ्या दोघी खाली तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. एक बडबडी, दुसरी लंबू. तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आणि आता रंगकामातल्या जोडीदारणी. धंदा तिच्या बाबांचा, म्हणून दोघी तिला ‘मुकादम’ म्हणायच्या.

वायरमननं वर बघितलं. त्याच्या गालावर प्लास्टरची पांढरी पूड लागली होती… आणि ती त्याला इतकी शोभत होती, की काय सांगावं!

“पेटतो की,” तो म्हणाला. “पण माणूस बघून.”

“मग… आजवर कुणाला बघून पेटला?”

“आज सकाळपासून विझतच नाहीये.”

“अगंबाई!” बडबडी खालून.

आपण काय बोलून गेलो हे कळताच तो स्वतःच लाजला. “किती घाम आलाय तुम्हाला… थांबा,” असं पुटपुटत त्यानं नुकताच बसवलेला पंखा सुरू केला.

इथेच घात झाला.

अर्धी भिंत रंगवून झाली होती आणि रंगाची कड ओली होती. भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात रंगवायची, मध्ये थांबायचं नाही, पंखा तर मुळीच लावायचा नाही, हे ती शेंबडी असल्यापासून ऐकत आली होती. वारं लागलं की कड वाळते, वाळलेल्या कडेवर नवा रंग चढला की जोड दिसतो. सगळं तोंडपाठ! पण तो गार वारा… आणि खाली उभा राहून वर बघणारा तो… ‘बंद करा’ हे दोन शब्द तिच्या तोंडून निघालेच नाहीत. त्यानं विचारलं, घरी कोण कोण? तिनं सांगितलं. तिनं विचारलं, तुमच्या? घरी तो आणि आई, दोघंच.

“अगं बये, कड!” लंबू किंचाळली तेव्हा कुठे ती भानावर आली. घाईघाईनं रोलर फिरवून तिनं उरलेली भिंत संपवली. खिडकीच्या उजेडात सगळं झकास दिसत होतं.

रंग वाळला. मग वायरमननं छताच्या कडेचे दिवे लावले.

उजेड भिंतीला घासत वरून खाली उतरला, आणि बरोब्बर मध्यावर एक उभा पट्टा उठून दिसला. इस्त्रीच्या चादरीवर कुणी बसून गेल्यासारखा!

तिनं पट्ट्यावरून बोट फिरवून बघितलं. ही खोली बाबांनी पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवली होती, आणि वर आईची अट होती, “भिंत एकसारखी आली तर कर तुझं रंगकाम. नाहीतर मुकाट्यानं मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.” दोघं दुपारच्या चहानंतर बघायला येणार होते.

“मी… ते आले की मी हे दिवे लावतच नाही,” वायरमनचा चेहरा पार पडला होता. “फिटिंग बाकी आहे म्हणतो. कुणाला कळणार नाही.”

किती गोड होता तो! आणि किती येडा!

“आज नाही कळणार. पण इथे राहायला येतील ती माणसं काय अंधारात जेवणार आहेत?”

त्यानं मान हलवली आणि दिवे तसेच ठेवले.

“मग पट्ट्यापुरता एक हात मारूया ना,” बडबडी म्हणाली.

“म्हणजे एकाचे दोन पट्टे! नाही. पूर्ण भिंत. परत.”

मग काय, कंबर कसली. लंबूनं पट्टा पॉलिशपेपरनं घासघासून सपाट केला, फडक्यानं धूळ टिपली. पंखा बंद. खिडक्या बंद. बडबडी पुढे पुढे ब्रशनं वरची कड रंगवत निघाली, आणि तिच्या पाठोपाठ मुकादमचा रोलर. वायरमन भिंतीला खेटून हातातल्या दिव्याचा तिरका उजेड टाकत होता, म्हणजे कुठे रंग कमी पडला तर ओलं असतानाच दिसावं. खोलीत आवाज फक्त रोलरचा… चर्र… चर्र…

अर्धी भिंत झाली. मघाशी जिथे सगळं बिघडलं होतं, नेमकी तीच जागा—

“एक विचारू?” तो हळूच म्हणाला.

“आत्ता?”

“नंतर धीर होणार नाही.” दिवा जरासा हलला. “मी… तुला आवडतो का?”

तुला! ‘तुम्हाला’ नाही… ‘तुला’! बडबडीचा ब्रश हवेतच राहिला. थांबावंसं वाटलं, अगदी देवाशप्पथ वाटलं! पण कड वाळायला लागली असती…

“कोपरा येऊ दे,” ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

“म्हणजे हो?”

“म्हणजे कोपरा येऊ दे! दिवा नीट धर! आणि बडबडे, तू काय बघत बसलीस? चालव ब्रश!”

एवढी लांब भिंत तिनं जन्मात पाहिली नव्हती. दंड भरून आले, घाम डोळ्यात उतरला, शेजारी तो श्वास रोखून उभा… वर, खाली, वर, खाली… आणि शेवटचा हात, हलका, वरपासून खालपर्यंत एका ओढीत.

कोपरा आला.

ती वळली. “हो,” ती म्हणाली. “पण माझ्या ओल्या भिंतीवर परत पंखा लावलास, तर याद राख!”

तो हसला, आणि नेमक्या त्याच वेळी दारात चपला वाजल्या. आई-बाबा!

बाबांनी आत येताच नाक वर केलं. “ओला वास? ही भिंत तर सकाळीच व्हायची होती.”

“काका, चूक माझी आहे, मी—”

“तू थांब रे,” ती म्हणाली.

आईची नजर त्या ‘तू’पाशी अडकली. मग हळूहळू मुलीवरून वायरमनवर गेली आणि परत आली.

“बाबा, जोड आला होता. कड ओली असताना मी गप्पा मारत बसले. म्हणून पूर्ण भिंत परत केली.”

“अट काय होती?” आईचा आवाज बर्फासारखा.

तिनं रोलर खाली ठेवला.

“वाळली की हवे तेवढे दिवे लावून बघ, आई. पण भिंत कशीही निघो, मामाच्या गल्ल्यावर मी बसणार नाही. मी रंगकामच करणार. बिघडलं तर परत करणार. आणि…” तिनं वायरमनकडे बोट केलं. “रविवारी मी याच्या आईला भेटायला जाणार आहे. तुम्ही दोघं बरोबर येताय, की मी एकटीच जाऊ?”