पुलावरची गस्त

संकोश नदीच्या खोऱ्यातून भारत आणि भूतानला जोडणारी मुख्य लाइन सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली, पण एकाही गाडीवर दरड कोसळली नव्हती. ही सगळी कानसुताची करामत. कानसूत म्हणजे रुळांच्या कडेनं पुरलेला, केसाइतका बारीक काचेचा धागा. त्यातून धावणारा प्रकाश जमिनीतली इवलीशी थरथरही टिपायचा.

"पण नुसतं ऐकून डोंगर कळत नाही," कानसूत बसवणाऱ्या डॉ. मृण्मयी रेगे समजावून सांगत. "मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? तशी रोज एकसारखी टिचकी लागते. आवाज बदलला की समजायचं, डोंगर सैल झालाय."

ही टिचकी म्हणजे दोन गस्तवाल्यांची पावलं. अलीकडून कणकवलीचे अनंत घाडी यायचे. दरडी ओळखायची नजर असलेला कोकणी माणूस म्हणून त्यांना इथं आणलं होतं. पलीकडून भूतानचा किन्ले. सकाळी दहाला सरहद्दीवरच्या पुलाच्या मधोमध दोघं गस्तीची पुस्तकं बदलत. पुस्तक बदलल्याशिवाय मागं फिरायचं नाही, असा नियम होता. किन्लेचा लोणी घातलेला खारट चहा घाडींनी एकोणीस वर्षं नाक मुरडत प्यायला, आणि एक दिवसही सोडला नाही.

हिवाळ्यात किन्ले वारला. त्याच्या जागी आलेल्या माणसाची चाल कानसुताला उमजेना. ते भलतीकडेच दरडी दाखवू लागलं, गाड्या अडकल्या. तेव्हा रेगेबाईंनी रुळांखाली छोट्या हातोड्या बसवल्या आणि कानसुतानं शिकून ठेवलेली किन्लेची चाल त्यांतून वाजवली. गाड्या सुरळीत झाल्या. घाडींनी मात्र पहिल्या दिवशी हातातलं पुस्तक पुढं केलं. समोरच्या मोकळ्या रुळांवरून किन्ले चालत आला होता आणि त्यांच्यापुढं थांबला होता.

आठवडाभरात ते थर्मासमधून चहा नेऊ लागले.

मग एकदा तापानं ते अंथरुणाला खिळले. दुसऱ्या दिवशी रेगेबाई घरी आल्या.

"घाडीकाका, काल किन्लेची पावलं पुलावर संध्याकाळपर्यंत थांबली होती. तुम्ही आल्याशिवाय तो कधी परतला नाही, हेही कानसूत शिकलंय."

घाडींचे डोळे भरून आले. "डॉक्टरबाई, म्हयनाअखेर माजी रिटायरमेंट. घराक बायको वाट बघता. मी गेलंय काय ह्यो थंयच उभो रवतलो?"

"नाही. तुमचीही पावलं देऊ त्याला. तुम्ही परवानगी दिलीत तर."

त्यांनी लगेच सही केली. मित्राला ताटकळत ठेवून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, गावी निघण्याआधी, ते निरोप घ्यायला पुलावर गेले. बरोबर रेगेबाई होत्या. दहा वाजता पलीकडून किन्ले आला. अलीकडून, उजवा पाय किंचित दाबून टाकणारी त्यांची स्वतःची चाल आली. दोन्ही पावलं मधोमध थांबली. चहा पिऊन होण्याइतका वेळ गेला.

"किन्ले," घाडींनी हाक मारली. "मी हंय आसंय."

ते पुढं झाले, त्या दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले, त्यांनी खडीवर पाय आपटले. किन्लेची पावलं वळली आणि रोजच्यासारखी निवांत आपल्या देशाकडं निघाली. घाडींची पावलंही अलीकडं परतली.

"माका वळाखल्यान नाय," घाडी म्हणाले.

"त्याला ज्या घाडींना भेटायचं होतं, ते त्याला भेटून गेले, काका," रेगेबाई हळूच म्हणाल्या.